गाडी म्हातारी कोणाच्या दारात व्हावी?

धंद्यासाठी गाड्या विकत घ्याव्यात की लीजवर, हा विषय ऑफिसात निघाला की बोलणं पाच मिनिटांत हप्त्यावर येतं. बँकेचा हप्ता इतका, लीज कंपनीचं भाडं तितकं. कमी असेल ते बरं. दोन्हीकडचे प्रतिनिधीही हाच कागद पुढे सरकवतात, कारण त्यांना दाखवायचं असतं तेवढं त्यात मावतं. पण सगळ्या बाजूंनी तपासू गेलं तर महिन्याला जाणारी रक्कम ही या व्यवहारातली सर्वांत कमी बोलकी बाब ठरते. फरक पडतो तो पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. पहिल्या दिवशी गाठीचे पैसे किती घालायचे आणि चार-पाच वर्षांनी जुन्या झालेल्या गाडीचं जे होईल ते कोणी सोसायचं? गाडी म्हातारी होणारच. ती कोणाच्या दारात व्हावी, एवढंच ठरवायचं असतं. कर, कायदा, हिशेबाचे नियम हे सगळे या ठरवण्याला इकडे किंवा तिकडे झुकवतात.

हप्ता सारखा, हिशेब वेगळा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते गृहीत धरले आहेत. नाशिकहून मुंबईला भाजीपाला पाठवणारा एक व्यापारी सतरा फुटी डाल्याचा ट्रक घेतो आहे. विमा, नोंदणी, रोड टॅक्स धरून गाडी रस्त्यावर २० लाखांना पडते. ४ लाख डाउन पेमेंट, १६ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के, मुदत ४८ महिने. हप्ता येतो साधारण ४०,५८० रुपये. चार वर्षांत बँकेकडे जातात १९.४८ लाख, स्वतःचे ४ लाख धरून एकूण २३.४८ लाख. चार वर्षांनी ट्रक ९ लाखांना गेला, तर निव्वळ खर्च १४.४८ लाख.

आता लीज. महिना ३५,००० भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. ताजी भाजी जीएसटीतून मुक्त असल्यामुळे या व्यापाऱ्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर अंगावरच पडतो. ४८ महिन्यांचे होतात १९.८२ लाख आणि शेवटी गाडी परत. डिझेल, चालक, टायर, पुढच्या वर्षांचा विमा दोन्हीकडे सारखे धरले आहेत.

हप्त्यात फरक ७२० रुपयांचा, आणि चार वर्षांच्या निव्वळ खर्चात ५.३४ लाखांचा. एवढ्यावर थांबलं तर विकत घेणंच शहाणपणाचं दिसतं. पण या ५.३४ लाखांत दोन गृहीतं दडलेली आहेत. पहिलं असं की ते ४ लाख नाहीतर रिकामेच पडून राहिले असते. ज्या व्यापाऱ्याला तेच पैसे मालात फिरवून वर्षाला १८ टक्के सुटतात, त्याला चार वर्षांत त्यावर सुमारे पावणेचार लाख मिळाले असते. दुसरं गृहीत असं की ट्रक ९ लाखांना जाईलच. तो ६ लाखांना गेला, तर विकत घेण्याचा खर्च १७.४८ लाखांवर जातो. त्यात बुडालेली कमाई मिळवली की २१.२३ लाख. आता लीज १.४१ लाखांनी स्वस्त. हप्ता, व्याज, भाडं यांतला एक पैसाही न बदलता निकाल उलटला.

लीज कंपनी भाडं ठरवताना नेमकं हेच करते. चार वर्षांनी ही गाडी कितीला जाईल याचा अंदाज बांधते, तेवढी रक्कम किमतीतून वजा करते आणि उरलेली झीज, व्याज, नफा महिन्यांवर वाटते. अखेरची किंमत तिने जपून, म्हणजे कमी धरली की भाडं चढतं. लीजचं भाडं म्हणजे एका परीने त्या गाडीच्या म्हातारपणाबद्दल कंपनीने मांडलेलं भाकीत असतं.

मालकीची सवय कुठून आली

आपल्याकडे ट्रक म्हटलं की मालकी गृहीत धरली जाते. याला जुनी कारणं आहेत. मद्रासमध्ये १९५४ साली सुंदरम फायनान्स सुरू झाली आणि भाडेखरेदीवर, म्हणजे हायर पर्चेसवर, ट्रक मिळू लागले. १९७९ मध्ये श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स आली. तिने जुन्या ट्रकला कर्ज देण्याचा धंदा उभा केला. बँका ज्याला दारात उभं करत नव्हत्या, त्या चालकाला तीन-चार वर्षं वापरलेला ट्रक हप्त्याने मिळू लागला. क्लीनरचा चालक, चालकाचा मालक ही चढण याच पैशावर झाली. आजही देशातल्या ट्रकमालकांत पाच किंवा त्याहून कमी गाड्या असलेलेच बहुसंख्य आहेत. त्यांच्या दृष्टीने गाडी हे कमाईचं साधन असतंच, पण ती घरातली सर्वांत मोठी मालमत्ताही असते. अडीनडीला तीच तारण ठेवायची, तीच विकायची. डाल्यावर मुलांची आणि गावाची नावं रंगवलेला ट्रक मुदत संपली म्हणून परत द्यायचा, ही कल्पनाच त्यांना पटत नाही.

लीजची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. फर्स्ट लीजिंग कंपनी ऑफ इंडिया १९७३ मध्ये मद्रासलाच सुरू झाली. ऐंशीच्या दशकात लीज कंपन्यांचं पीक आलं, ते मुख्यतः करबचतीवर. गाडी किंवा यंत्र लीज कंपनीच्या वहीत राहायचं, घसारा तिला मिळायचा, तिचा कर वाचायचा आणि त्यातला थोडा हिस्सा भाडं कमी करून ग्राहकाला मिळायचा. मग १९८२ च्या ४६व्या घटनादुरुस्तीने वस्तू वापरण्याचा हक्क हस्तांतरित करणं हीसुद्धा विक्रीच मानली आणि राज्यांना त्यावर कर लावता येऊ लागला. महाराष्ट्राने १९८५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. पुढे केंद्राचा सेवाकर आला. एकाच भाड्याला विक्री म्हणायचं की सेवा, यावर वर्षानुवर्षं दावे चालले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक फायनान्स कंपन्या बुडाल्या, १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिगरबँक कंपन्यांचे नियम आवळले आणि लीज या शब्दालाच वास येऊ लागला. फर्स्ट लीजिंगच्या हिशेबांतले गैरप्रकारही २०१३ मध्ये उघड झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुठे दुहेरी कराचा तिढा सुटला आणि गाड्यांच्या लीजचा धंदा नव्याने मूळ धरू लागला. आज मोटार कंपन्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, ऑरिक्ससारख्या परदेशी गटांच्या कंपन्या आहेत. तरी मालवाहू गाड्यांत त्यांचा वाटा अजून लहानच आहे.

लीज एका प्रकारची नसते

बोलताना सगळ्यालाच लीज म्हणतात, पण करार उघडला की तीन वेगळ्या जाती दिसतात.

फायनान्स लीजमध्ये भाड्यातून गाडीची जवळजवळ सगळी किंमत वसूल होते. देखभाल, विमा, झीज सगळं वापरणाऱ्याच्या अंगावर. नाव लीजचं असलं तरी स्वभावाने हे कर्जच. ऑपरेटिंग लीजमध्ये अखेरच्या किमतीची जोखीम कंपनी घेते, गाडी परत घेते आणि बहुधा देखभाल, टायर, पासिंग, विमा असं पॅकेज देते. तिसरा प्रकार वेट लीजचा. त्यात गाडीबरोबर चालक आणि देखभालही येते आणि पैसे किलोमीटरवर मोजले जातात. पहिल्या प्रकारात गाडीचं म्हातारपण वापरणाऱ्याकडे राहतं, दुसऱ्यात देणाऱ्याकडे जातं, तिसऱ्यात तर गाडीचा रोजचा संसारही देणाऱ्याचाच.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त चालणारी वाट मात्र या तिन्हींत बसत नाही. ती म्हणजे ‘अटॅच’ गाडी. भिवंडीच्या गोदामांत, चाकणच्या कारखान्यांत रोज उभ्या राहणाऱ्या असंख्य पिकअप आणि टेम्पो कंपनीच्याही नसतात आणि लीज कंपनीच्याही. त्या एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या असतात. महिन्याला ठरावीक किलोमीटरचं ठरावीक भाडं, वरच्या किलोमीटरला वेगळा दर, डिझेल वाढलं तर दरात फरक, एवढाच करार. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह तसं लिहून दिलं, तर त्याच्या भाड्यातून टीडीएसही कापावा लागत नाही. कंपनीला भांडवल नको, म्हातारपण नको, महिन्याच्या नोटिशीवर सुटकाही होते. जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त सर्वांत लहान खांद्यावर जाते. काम घटलं की कंपनी गाडी कमी करते आणि बँकेचा हप्ता मालकाच्या दारात उभा राहतो.

कराचं पारडं

विकत की लीज, हा प्रश्न करसल्लागाराकडे नेला तर तो आधी एकच विचारेल: जीएसटीचं क्रेडिट घेता का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रक आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चालकाविना दिलेल्या गाडीच्या भाड्यावरही त्या वस्तूला लागणारा दरच लागतो. कारखानदाराला मालवाहू गाडीवरचं क्रेडिट मिळतं. विकत घेतली तर एकरकमी, लीजवर घेतली तर महिन्यामहिन्याने. त्याच्यासाठी जीएसटी दोन्हीकडे जवळपास शून्याला येतो. भाजी, दूध, धान्य अशा करमुक्त मालाच्या व्यापाऱ्याला क्रेडिट नाही. विकत घेताना तो किमतीवर कर भरतो, लीजवर मात्र झीज, व्याज आणि कंपनीचा नफा या सगळ्यांवर. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांचं क्रेडिट, प्रवासी वाहतुकीसारखे काही धंदे सोडले तर, घेतानाही अडवलेलं आहे आणि लीजवरही. तिथे लीजने वाट काढता येत नाही.

माल वाहतूक एजन्सीला दोन पर्याय असतात: ५ टक्के दर आणि क्रेडिट नाही, किंवा १८ टक्के दर आणि क्रेडिट. अशा एजन्सीला मालवाहू गाडी भाड्याने देण्याच्या सेवेवर जीएसटी माफ आहे. ही माफी गोड दिसते, पण सेवा करमुक्त झाली की देणाऱ्याला गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो ते भाड्यात मिसळतो.

आयकरात चित्र आणखी निराळं. भाड्याने चालवण्यासाठी असलेल्या ट्रकवर वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो, स्वतःचा माल वाहणाऱ्या कारखान्याच्या ट्रकवर १५ टक्के, दोन्ही घटत्या किमतीवर. २० लाखांच्या किमतीवर चार वर्षांत ट्रान्सपोर्टरला १५.२० लाखांचा घसारा मिळतो, कारखानदाराला ९.५६ लाखांचा. कारखानदाराने तीच गाडी खऱ्या ऑपरेटिंग लीजवर घेतली, तर दिलेलं सगळं भाडं खर्च म्हणून वजा होतं. लीज कंपनी गाडी भाड्यानेच देते, म्हणून ती ३० टक्क्यांचा घसारा घेते. गाडीची नोंदणी ग्राहकाच्या नावावर असली तरी तो घसारा लीज कंपनीला मिळेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आयसीडीएसच्या खटल्यात २०१३ मध्ये दिला. यामुळे १५ टक्क्यांच्या धंद्याला लीज झुकतं माप देते.

लहान मालकाचं पारडं उलट बाजूला झुकतं. दहापर्यंत मालवाहू गाड्यांचा मालक वह्या न ठेवता अंदाजी उत्पन्नावर कर भरू शकतो: हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये, आणि १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला टनामागे १,००० रुपये. हप्ते चालू असलेली गाडीही यात स्वतःची मानली जाते. लीजची गाडी मानली जात नाही. चार गाड्यांच्या मालकाला ही सवलत लीजच्या कुठल्याही पॅकेजपेक्षा मोलाची असते.

मोठ्या कंपन्यांना लीजचं एक आकर्षण होतं, ते आता उरलेलं नाही. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे हिशेबमानक लागू झालं. त्यानंतर वर्षाहून लांब लीजचा बोजा ताळेबंदात दाखवावाच लागतो. ‘ताळेबंदाबाहेरच्या गाड्या’ ही जुनी सोय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरती संपली. हे मानक ज्यांना लागू नाही अशा लहान कंपन्यांना ती अजून आहे, पण कर्ज देणारी बँक आता लीजचे कागदही मागते.

आरसी बुक काय सांगतं

लीज घेतली की मालकीची कटकट गेली, असा समज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ तसं मानत नाही. गाडी भाडेखरेदी, लीज किंवा तारणकराराखाली असेल, तर त्या कराराप्रमाणे ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो तिचा ‘मालक’, अशी कायद्यातली व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तारणावरच्या गाडीच्या अपघातात हाच अर्थ लावला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी बँकेवर टाकायला नकार दिला. म्हणजे आरसी बुकवर लीज कंपनीची नोंद असली, तरी अपघातानंतर न्यायाधिकरणापुढे पहिलं नाव ताबेदाराचं येतं. थर्ड पार्टी विमा चुकला, चालकाच्या परवान्यात खोट निघाली, गाडीत जादा माल सापडला, तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं. पॅकेजमध्ये विमा असला तरी पॉलिसीची तारीख आपणच पाहायची.

कर्जाच्या गाडीचा त्रास वेगळा. आरसी बुकवर बँकेचा बोजा चढलेला असतो. शेवटचा हप्ता फेडला तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो उतरवावा लागतो. अनेक मालक हे काम लांबवतात आणि ऐन विकायच्या वेळी अडकतात. हप्ते थकले की ‘गाडी ओढली’ हे शब्द कानावर येतात. लीजची गाडीही ओढली जाते, पण एका फरकाने. कर्जाच्या गाडीच्या लिलावातून बँकेचं देणं वळतं करून काही उरलंच, तर ते मालकाचं. लीजच्या गाडीत भरलेल्या भाड्यातून मागे काहीच उरत नाही.

अडचणीच्या काळातही दोघांची गत सारखी नसते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असा सहा महिन्यांचा मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते लांबवण्याची मुभा, दिला, तो कर्जांच्या हप्त्यांना होता. ऑपरेटिंग लीजच्या भाड्याला तो आपोआप लागू नव्हता. तिथे ज्याने त्याने आपापल्या कंपनीशी घासाघीस केली.

म्हातारपणाचा बाजार

जुन्या ट्रकचा गिऱ्हाईक गाडीला रंगावरून पाहत नाही. तो आधी खाली वाकून चॅसिस बघतो: कुठे वेल्डिंग आहे का, पट्टी मारली आहे का. मग टायर: नवे, अर्धे, की रिमोल्ड. मग कागद: पासिंग कधी संपतं, टॅक्स कुठवर भरला आहे, नॅशनल परमिटची किती वर्षं उरली. साध्या ट्रकला नॅशनल परमिट १२ वर्षांपर्यंत मिळतं, मल्टिअ‍ॅक्सलला १५. व्यापारी गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दर वर्षी. गाडी या मर्यादांजवळ सरकली की लांब पल्ल्याच्या कामातून उतरते आणि वाळू, विटा, बाजार समितीच्या आसपासच्या फेऱ्या अशा कामांना लागते. ट्रक मरत नाही, त्याचा पल्ला कमी होतो. ज्याला ही साखळी माहीत आहे, ओळखीचा मेकॅनिक, ओळखीचा दलाल, गावाकडचा गिऱ्हाईक ज्याच्याकडे आहे, त्याला जुन्या गाडीतून लीज कंपनीपेक्षा जास्त पैसे काढता येतात. लहान मालकाच्या हातात एवढंच भांडवल असतं, आणि लीज घेताना तो नेमकं तेच सोडून देतो.

पण या बाजाराला सरकारी निर्णयांचे धक्केही बसतात. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलवरची वजनमर्यादा वाढली आणि त्याच ट्रकांची वहनक्षमता वाढल्याने नव्या गाड्यांची गरज मंदावली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण जाहीर झालं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. आधीची केबिन चालकाच्या नजरेत तेवढी जुनी झाली. सर्वांत उघड धक्का सप्टेंबर २०२५ च्या करकपातीचा. २८ चा कर १८ वर आला म्हणजे नव्या ट्रकची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायला जागा झाली. आदल्या महिन्यात क्रेडिटविना ट्रक घेतलेल्या मालकाच्या गाडीची तुलना दुसऱ्या दिवसापासून स्वस्त नव्या गाडीशी होऊ लागली. ऑपरेटिंग लीजवाल्याला त्या दिवशी चिंता नव्हती. पडलेल्या किमतीचा घोर लीज कंपनीला.

लीजची गाडी परत करतानाचा प्रसंगही जवळून पाहण्यासारखा असतो. कंपनीचा तपासनीस यादी घेऊन येतो. टायरची नक्षी किती मिलिमीटर उरली, डाल्याचा पत्रा कुठे चेपला, फाळक्याचे कब्जे, काचेवरचा चरा, स्टेपनी, जॅक, दुसरी किल्ली. ‘सामान्य झीज’ सोडून बाकी सगळ्याचं बिल निघतं, आणि सामान्य म्हणजे काय हे करारात चार ओळींत गुंडाळलेलं असतं. वर्षाला ६० हजार किलोमीटर लिहिलेली गाडी ८० हजार चालली असेल, तर चार वर्षांच्या ८० हजार जादा किलोमीटरचं भाडं वेगळं. किलोमीटरला ३ रुपये धरले तरी २ लाख ४० हजार. मुदतीआधी गाडी सोडायची तर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरावा लागतो. घासाघीस करायची तर ती महिन्याच्या भाड्यापेक्षा या तीन कलमांवर.

वीज आली आणि अंदाज चुकला

डिझेल ट्रकचं म्हातारपण कसं जातं हे बाजाराला पाठ आहे. विजेच्या गाडीचं कोणालाच माहीत नाही. टाटा एसची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली. शहरातल्या मालवाहतुकीत तेव्हापासून अशा गाड्या दिसू लागल्या. पाच-सात वर्षांनी बॅटरीत किती जीव उरेल आणि नव्या बॅटरीची किंमत तोवर किती उतरलेली असेल, या दोन अंदाजांवर जुन्या गाडीची किंमत टांगलेली आहे. म्हणून बँका जपून कर्ज देतात आणि लीजचा पर्याय इथे सर्वांत जोरदार ठरतो. करही साथ देतो: विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, म्हणून तिच्या भाड्यावरही तोच दर. ऑगस्ट २०२० पासून बॅटरीविना गाडीची नोंदणी करायला मुभा आहे. सांगाडा मालकीचा आणि बॅटरी भाड्याची, असा मधला मार्ग त्यातून निघाला.

अर्थात लीज कंपनीलाही भविष्य दिसत नाही. तिची भीती भाड्यात उतरते, अखेरची किंमत जवळपास शून्य धरली जाते. तरीही भिवंडीच्या गोदामातून मुंबईच्या दुकानांत रोज ठरलेल्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला हे भाडं परवडू शकतं, कारण चालवण्याचा खर्च कमी आणि किलोमीटर नक्की. दुर्लक्षित राहतो तो चार्जर. गाडी चार वर्षांनी परत जाते, चार्जर, वाढवून घेतलेला वीजभार आणि त्याची अनामत आपल्याच आवारात राहते.

एसटी आणि बेस्टचा धडा

या प्रश्नाची सर्वांत मोठी आणि सार्वजनिक परीक्षा महाराष्ट्रात बसवर झाली. बेस्टने २०१९ पासून वेट लीजच्या बस मोठ्या प्रमाणावर आणल्या. किलोमीटरचा दर स्वतःच्या बसच्या खर्चापेक्षा कमी दिसत होता. पण स्वमालकीच्या बस निवृत्त होत गेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या नाहीत, आणि काही कंत्राटदारांनी मधूनच काम सोडलं तेव्हा थांब्यावरची रांग वाढली. ऑगस्ट २०२३ मध्ये वेट लीजच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केलं; त्यांच्याशी बोलायला बेस्ट थेट मालक नव्हती आणि प्रवाशाला मात्र बस बेस्टचीच हवी होती.

एसटीने २०१७ मध्ये शिवशाही आणली, त्यात स्वतःच्या आणि भाड्याच्या दोन्ही बस होत्या. २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घ्यायचं ठरलं, पण पुरवठा वेळापत्रकाच्या खूप मागे पडला आणि २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी करार रद्द करण्याचे आदेश दिले. त्याच सुमाराला १,३१० बस भाड्याने घेण्याची प्रक्रिया सरकारने वादानंतर थांबवली आणि स्वमालकीच्या बस घेण्याकडे पुन्हा तोंड वळवलं.

या अनुभवावरून भाड्याची बस वाईट असं म्हणता येत नाही. दिसतं ते एवढंच की गाडीची जोखीम दुसऱ्याला देता येते, सेवेची देता येत नाही. कंत्राटदाराचा दर त्याला परवडेनासा झाला की तो निघून जातो, आणि तेव्हा ज्याच्याकडे स्वतःची एकही गाडी नाही त्याच्या हातात दंडाच्या कलमाशिवाय काही उरत नाही.

मग कोणी काय करावं

एक ते पाच गाड्यांच्या मालकाने, विशेषतः तो स्वतः गाडीवर बसत असेल तर, विकत घ्यावी. अंदाजी कराची सवलत, जुन्या बाजाराची ओळख आणि अडचणीला विकता येणारी मालमत्ता, तिन्ही त्याच्या बाजूला आहेत. त्याने जपायचं ते डाउन पेमेंट. घरातलं शेवटचं सोनं मोडून घेतलेला नवा ट्रक पहिल्याच मंदीत ओढला जातो. तेच पैसे घालून घेतलेला तीन वर्षं जुना ट्रक तग धरतो.

ज्याचा धंदा औषधं, बिस्किटं किंवा सुटे भाग बनवण्याचा आहे आणि गाड्या ही बाजूची गरज आहे, त्याने ऑपरेटिंग लीजचा कागद जरूर मागवावा. १५ टक्क्यांचा घसारा, देखभालीला माणूस नसणं आणि खेळत्या भांडवलाची ओढ या तिन्हींमुळे त्याचं गणित ट्रान्सपोर्टरपेक्षा वेगळं असतं. ज्याचं काम हंगामी असेल, म्हणजे ऊसतोडणीच्या किंवा आंब्याच्या मोसमापुरतं, त्याने दोन्ही टाळावं. हंगामापुरती बाजारातली गाडी महाग वाटली, तरी वर्षाचे सात-आठ महिने उभ्या गाडीचं भाडं भरण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.

रीफर, टँकर, बल्कर अशा खास बांधणीच्या गाड्यांना दुसरा गिऱ्हाईक मिळणं अवघड, त्यामुळे लीज कंपनी अखेरची किंमत फारच कमी धरते. काम पाच-सात वर्षांचं पक्कं असेल तर त्या विकत घेतलेल्याच बऱ्या. मोठ्या ताफ्यात मात्र एकच उत्तर शोधू नये. वर्षभर हमखास लागणाऱ्या गाड्या स्वतःच्या, वाढत्या कामाच्या लीजवर, सणासुदीच्या बाजारातून, अशी विभागणी जास्त टिकते. बेस्टला अडचणीत आणलं ते ही विभागणी एका बाजूला पूर्ण कलल्यानेच.

निर्णयाच्या टेबलावर बसताना हप्त्यांचा तक्ता बाजूला ठेवून लीज कंपनीला एकच आकडा विचारावा: मुदत संपताना गाडीची किंमत तुम्ही किती धरली आहे? ती सांगणार नाही. पण गाडीची किंमत, बाजारातला व्याजदर आणि भाडं यांवरून आपला अकाउंटंट तो उलट काढू शकतो. मग तेवढ्याच वयाचे दोन-तीन ट्रक सध्या प्रत्यक्षात कितीला जात आहेत याची चौकशी करावी. आपल्याला बाजारात मिळेल ती किंमत कंपनीच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असेल, तर गाडी आपल्याच दारात म्हातारी होऊ द्यावी. कमी असेल, किंवा ती सांगायला कोणी धजतच नसेल, तर भाडं भरावं आणि ती काळजी कंपनीला करू द्यावी.